पातं नंतर, आधी बूड पाहा: अँडीजच्या शिकाऱ्यांची दगडी टोकं एकसारखी का नसतात

तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही पेरूला गेला होतात. तिथल्या एका लहानशा संग्रहालयात टिटिकाका सरोवराच्या आसपास सापडलेल्या, भाल्या-बाणांना बसवायच्या दगडी टोकांचा एक खण तुम्ही पाहिला. त्यात शेजारीशेजारी तीन टोकं होती. एक आंब्याच्या पानासारखं लांबट, एक शंकरपाळ्यासारखं चौकोनी, आणि एकाला खाली आखूड देठ. पाटीवर एवढंच लिहिलेलं: ‘आर्केइक काळ, शिकारी-संकलक’. (आर्केइक म्हणजे तिथे शेती रुजण्याआधीचा लांबलचक काळ.) तुम्ही विचारता, ही तीन वेगळ्या टोळ्यांची म्हणायची, तीन वेगळ्या काळांची, की तीन वेगळ्या कारागिरांची?

तिन्ही शक्य आहे. पण तुमच्या यादीत चौथी शक्यता नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसवते ती तीच. कदाचित ही एकाच प्रकारच्या टोकाची तीन वयं असतील. नवं, वापरलेलं आणि पार झिजून गेलेलं. गेली बरीच वर्षं मी दगडी हत्यारं मोजतो आणि ती स्वतः घडवून, मोडून पाहतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. टिटिकाकाचं पाणीच मुळात 3,810 मीटरवर आहे. त्याच्या वर, साधारण 4,800 मीटरपर्यंत जो थंड, कोरडा, गवताळ पट्टा पसरलाय त्याला तिथे ‘पुना’ म्हणतात. (आमच्या पुण्याशी काही संबंध नाही, हा विनोद आधीच करून झालाय.) 4,000 मीटरवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. रात्री बाराही महिने गारठा. झाडं जवळपास नाहीतच. खुरटी केन्युआ कुठे कुठे, बाकी इचू नावाचं ताठ गवत. शिकार म्हणजे मुख्यतः विकुन्या, हा उंटाच्या कुळातला चाळीस-पन्नास किलोचा चपळ प्राणी, शिवाय थोराड ग्वानाको आणि तारुका नावाचं हरीण. दक्षिण पेरूत कुंकाइचा नावाचा शैलाश्रय 4,480 मीटरवर आहे. तिथे माणसं 12,000 वर्षांपूर्वीच राहत होती, हे 2014 साली कर्ट रेडमेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. म्हणजे ही माणसं या उंचीवर चुकून आलेली नव्हती. ती इथे राहत होती, शिकार करत होती आणि रोज हत्यारं दुरुस्त करत होती.

हे ‘रोज दुरुस्त करत होती’ फार महत्त्वाचं.

तुमच्या घरात जुनी विळी असेल तर ती काढून पाहा. आमच्या आजीची विळी माझ्या लहानपणी चांगली रुंद होती. मी कॉलेजात जाईपर्यंत तिचं पातं चवळीच्या शेंगेएवढं उरलं होतं. धार लावून लावून झिजलं. पण पातं पाटात जिथे ठोकलेलं असतं तो भाग? तो जसाच्या तसा. तिथे ना कानस पोचते ना सहाण. त्या विळीचा पहिल्या वर्षीचा आणि चाळिसाव्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला, तर न जाणणारा म्हणेल, या दोन वेगळ्या जातीच्या विळ्या आहेत. जाणणारा बूड पाहील आणि म्हणेल, एकच आहे.

दगडी टोकाचंही हेच. खालचा भाग दांड्याच्या खाचेत, डिंक किंवा चिकाने बसवलेला आणि वरून स्नायूच्या दोरीने आवळून बांधलेला. तो झाकलेला असतो. वरचा भाग उघडा. जनावराच्या बरगडीवर आपटला, नेम चुकून दगडावर गेला, की टोक उडतं. शिकारी ते फेकून देत नाही. बांधलेलं असतानाच, हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाब देऊन बारीक छिलके काढतो आणि नवं टोक आणतो. दर दुरुस्तीला वरचा भाग आखूड होतो, खालचा तेवढाच राहतो. सुरुवातीला लांब पानासारखं असलेलं टोक तीन-चार दुरुस्त्यांत वर खालच्याइतकंच आखूड, मध्ये रुंद असं होतं. म्हणजे शंकरपाळं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. एकदा आपल्याकडच्या कॅल्सेडनीचं एक पान घडवलं. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये जो दुधी दगड मिळतो तो. त्याचे गोळे बहुधा मुठीएवढेच असतात, त्यामुळे मोठं टोक काढायला नशीब लागतं. हे 62 मिलिमीटर निघालं. बुडाच्या दोन्ही कडा वाळूच्या दगडावर घासून बोथट केल्या, नाहीतर ती धारच बांधलेली दोरी कापते. टिटिकाकाच्या परिसरातल्या सगळ्यात जुन्या प्रकारांपैकी काहींच्या खालच्या कडा अशाच मुद्दाम बोथट केलेल्या दिसतात. मग ते बांबूच्या दांड्याला बसवलं आणि गवताच्या भाऱ्यावर बांधलेल्या म्हशीच्या बरगड्यांवर फेकलं. पहिल्याच फेकीत टोकाचा सात-आठ मिलिमीटरचा तुकडा गेला. दुरुस्त केलं, फेकलं, मोडलं, पुन्हा दुरुस्त केलं. पाचव्या दुरुस्तीत हात घसरला आणि अंगठ्याला दोन टाके पडले, तेव्हा थांबलो. उरलेलं टोक 38 मिलिमीटर भरलं. ते आणि त्याचा पहिल्या दिवसाचा प्लॅस्टरचा साचा, दोन्ही एका हुशार विद्यार्थ्याला काही न सांगता दिले. त्याने दोन वेगळे प्रकार म्हणून नोंद केली. त्याची चूक नव्हती. त्याला लांबी-रुंदीचं प्रमाण पाहून वर्गवारी करायला शिकवलं होतं, आणि शिकवणारा मीच होतो.

अमेरिकेत ही भानगड 1986 साली चांगलीच तापली होती. जेफ्री फ्लेनिकन आणि अ‍ॅनन रेमंड यांनी खाचा असलेली टोकं घडवली, फेकली, मोडल्यावर दुरुस्त केली आणि दाखवलं की त्यातली कितीतरी दुरुस्तीनंतर ‘वेगळ्या प्रकारात’ जातात. मग प्रकारांवरून काळ कसा ठरवायचा? डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी उलट बाजू मांडली: हरकत घ्या, पण उत्खननात तेच प्रकार त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा मिळतात, त्याचं काय? माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघं टोकाच्या वेगवेगळ्या अर्ध्या भागाबद्दल भांडत होते. पात्याचा आकार वापराने बदलतो. बुडाचा आकार बराचसा घडवणाऱ्याच्या मनातला असतो. म्हणून टोक हातात आलं की मी आधी ते उलटं धरतो.

बूड एवढं स्थिर का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते पुनावर तर फारच खरं आहे. लाकूड. तिथे सरळ, गाठ नसलेला दांडा मिळणं म्हणजे सोनं. दांडा तासून, तापवून सरळ करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सराईत हात अनेक टोकं छिलून मोकळा होतो. साहजिकच दांडा जपायचा, टोक मोडू द्यायचं. एकाच दांड्यावर एकामागून एक टोकं बसतात, आणि दर नवं टोक जुन्या खाचेच्या मापाचं करावं लागतं. दांडा घरमालक, टोक भाडेकरू. दार जेवढं रुंद तेवढंच सामान आत येणार. कुठल्याही खणातली पन्नास टोकं मोजून पाहा: लांबी वाटेल तशी बदलत जाते, बुडाची रुंदी मात्र त्या मानाने फार थोडी हलते. मोजमाप करायचं असेल तर तुम्हीही हेच आधी करा. एक साधा कॅलिपर पुरतो.

आता कामाचा प्रश्न. टोक कशावर बसवलं होतं: हातातल्या भाल्यावर, फेकायच्या बरचीवर की बाणावर? अँडीजमध्ये हजारो वर्षं मुख्य हत्यार होतं ते अटलाटलने फेकायची बरची. अटलाटल म्हणजे हातभर लांबीची काठी, शेवटाला आकडा. बरचीचं मागचं टोक त्या आकड्यात अडकवायचं आणि झटका द्यायचा. हात जणू हातभर लांब होतो. बरची दीड-दोन मीटरची, लवचिक. तिला लागणारं टोक बाणाच्या टोकापेक्षा जड आणि जाड.

हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. टोकाची जास्तीत जास्त रुंदी गुणिले जास्तीत जास्त जाडी, भागिले दोन. हा झाला टोकाचा आडवा छेद. जॉन शे यांनी 2006 साली ज्ञात आणि प्रायोगिक टोकांची जी तुलना दिली त्यात बाणांची सरासरी 33 चौरस मिलिमीटर, फेकबरचीची 58 आणि हातभाल्याची 168 आली. सरासरी आहे हे विसरू नका. प्रत्येक गटाचे पदर दुसऱ्यावर चढतात. तरी 20 मिलिमीटर रुंद आणि 6 जाड टोक आलं, म्हणजे 60, तर ते बाणाचं असण्याची शक्यता मी कमी धरीन. 13 बाय 4, म्हणजे 26, तर बाणाकडे झुकेन. तुमच्या फोटोत मोजपट्टी आहे म्हणून सांगतो, तुमची तिन्ही टोकं 18 ते 22 मिलिमीटर रुंद दिसतात. जाडी फोटोत कळत नाही, पण बरचीचीच असावीत असा माझा अंदाज.

बाण तिथे उशिरा आला. 2024 साली लुईस फ्लोरेस-ब्लांको आणि सहकाऱ्यांनी टिटिकाका खोऱ्यातली 1,179 टोकं तपासून मांडलं की सुमारे 5,000 वर्षांपूर्वी टोकं एकदम लहान आणि हलकी होतात, आणि तो धनुष्यबाणाचा मागमूस आहे. ही छोटी टोकं बहुधा त्रिकोणी, खाली देठ नाही, बुडाला आत वळलेली खोबण, आणि बरीचशी ऑब्सिडियनची. म्हणजे इथे आकारातला फरक खरोखर काळाचा आणि तंत्राचा दोन्हींचा आहे. अशी एकत्र उत्तरं आली की मला बरं वाटतं. दर वेळी येत नाहीत.

दगडाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा जास्त लिहितात. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच. छिलायला लोण्यासारखी, धार वस्तऱ्याची, पण ठिसूळ. अँडेसाइट आणि क्वार्टझाइट दणकट, पण त्यांच्यावर बारीक काम नीट उमटत नाही, म्हणून त्यांची टोकं जाड आणि ओबडधोबड दिसतात. त्यावरून ‘मागास कारागीर’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत. भाकरी आणि पुरणपोळी एकाच हाताने लाटली तरी एकसारखी दिसणार नाही. पिठाचा दोष हाताच्या माथी मारू नये. ऑब्सिडियनचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक खाणीची रासायनिक ओळख निराळी, त्यामुळे तुकडा कुठून आला ते सांगता येतं. टिटिकाका खोऱ्यात बहुतेक ऑब्सिडियन आरेकिपाकडच्या कोल्का खोऱ्यातल्या चिवाय खाणीतून येत असे. आणि वर डोंगरातल्या अल्का खाणीतला ऑब्सिडियन थेट प्रशांत किनाऱ्यावरच्या केब्राडा हागुआय या कोळ्यांच्या वस्तीत सापडला, तोही हिमयुगाच्या अखेरच्या थरांत. ज्यांचा दगड एवढा लांब फिरतो त्यांच्या कल्पना एका डोंगरात अडकून राहिल्या असतील, असं मानणं अवघड आहे.

काळाचं काय? आर्केइक हा शब्द टिटिकाकाकडे ढोबळमानाने साडेसात हजार वर्षं व्यापतो. त्या पाटीवर एवढाच शब्द लिहिणं म्हणजे ‘ताम्रपाषाणयुगापासून जीएसटीपर्यंत’ अशी चिठ्ठी लावण्यासारखं आहे. सिंथिया क्लिंक आणि मार्क आल्डेंडर्फर यांनी 2005 साली दक्षिण-मध्य अँडीजसाठी टोकांची कालक्रमवारी प्रसिद्ध केली. आज त्या भागात काम करणारा जवळपास प्रत्येक जण ती हाताशी ठेवतो. तिचं मोल मला वाटतं ते हे, की वर्ग पाडताना त्यांनी बूड, खांदा आणि देठ यांना वजन दिलं, नुसत्या बाह्यरेषेला नाही. खांद्यावर बारीक काटे असलेली पानाकृती टोकं जुनी. बुडाला खोबण असलेली बिनदेठाची त्रिकोणी टोकं अलीकडची. मधल्या मंडळींत मात्र गर्दी आहे आणि एकाच प्रकाराचं आयुष्य कधी कधी हजारो वर्षं चालतं.

सावधगिरीही सांगतो. पानाचा आकार हा फार सोपा आकार आहे. अर्जेंटिनाच्या कोर्दोबा प्रांतातल्या एका ठिकाणावरून ‘आयाम्पितीन’ हे नाव पडलं. आल्बेर्तो रेक्स गोन्सालेस यांनी इन्तिवासी गुहेच्या उत्खननात ही पानाकृती टोकं थरांमध्ये पक्की बसवली, काम उत्तमच होतं. पण पुढे अँडीजमध्ये कुठेही पानासारखं टोक दिसलं की त्याला आयाम्पितीन म्हणायची सवय लागली. दोन्ही कडांनी छिलत गेलात आणि काही खास केलं नाहीत, तर हातात पानच येतं. कुणाचं पाहून करायची गरज नाही. याच्या उलट माशाच्या शेपटीसारखं बूड असलेली टोकं पाहा, ती ज्युनियस बर्ड यांनी 1930च्या दशकात चिलीच्या दक्षिण टोकाला फेल्स केव्हमध्ये शोधली. तो आकार सहज हातून होत नाही, मुद्दाम करावा लागतो. आणि तेच टोक कुंकाइचाच्या जवळ पुकुंचो या 4,355 मीटरवरच्या उघड्या ठिकाणी मिळतं. अशा वेळी दोन टोकांमधलं नातं मी गंभीरपणे घेतो. आकार जितका अवघड आणि अनावश्यक, तितका तो सांगतो जास्त.

शिवाय तुमच्या खणातली टोकं बहुधा जमिनीवरून वेचलेली असणार. पुनावर वारा माती उडवून नेतो, हजारो वर्षांचं सामान एकाच पातळीवर येऊन बसतं. गुहांची हमीही पूर्ण नसते. नंतरच्या माणसांनी खड्डे खणलेले असतात. पेरूतल्या गिटारेरो गुहेच्या थरांवरून याच कारणाने वर्षानुवर्षं वाद झाला. आणि जुनं टोक सापडलं तर पुढच्या पिढीतला गुराखी ते उचलून वापरतोच की. आपणही शेतात सापडलेला जुना फाळ भंगारात घालण्याआधी दोनदा विचार करतो.

आता ‘कारागीर’ आणि ‘टोळी’. इथे मला करंजीचं उदाहरण सोडवत नाही. सारण तेच, तळण तेच, चवीत कुणाला फरक कळणार नाही. पण एका घरात कड बोटांनी मुरडतात, दुसऱ्या घरात कातणाने कापतात. का? सासूने तसं शिकवलं म्हणून. कधी लग्न होऊन आलेली सून माहेरची मुरड घेऊन येते आणि वीस वर्षांनी त्या घरातल्या सगळ्या करंज्या मुरडलेल्या असतात. दगडातही काही गोष्टी अशाच, शिकारीच्या दृष्टीने बिनमहत्त्वाच्या आणि शिकवणीने ठरलेल्या असतात. देठाचं टोक गोल ठेवायचं की सरळ कापायचं. छिलके आडवे काढायचे की तिरके.

शिकवणीचा प्रकारही दगडात दिसू शकतो. रॉबर्ट बेटिंगर आणि येल्मर एर्कन्स यांनी 1999 साली उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट बेसिनच्या बाणटोकांवर एक सुंदर काम केलं. मध्य नेवाडात टोकाचं वजन आणि बुडाची रुंदी एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. पूर्व कॅलिफोर्नियात त्यांचा मेळ बसत नाही. त्यांचा अर्थ असा: नेवाडात लोकांनी एखाद्या यशस्वी शिकाऱ्याचं टोक उभंच्या उभं उचललं, म्हणून सगळी मापं एकत्र आली. कॅलिफोर्नियात ओझरतं पाहिलं आणि मग प्रत्येकाने आपापल्या हाताने खटपट करून जमवलं, म्हणून मापं सुटी झाली. हे अँडीज नाही, हत्यारही बाण आहे. पण प्रश्न विचारायची ही रीत पुनावरही चालते. आकार किती प्रकारचे, एवढं विचारून थांबू नका. कुठलं माप कुठल्या मापाला बांधलेलं आहे ते विचारा.

याच जोडीने एक आकडा लक्षात ठेवा. मोजपट्टी नसताना, नुसत्या नजरेने आणि हाताने, माणूस एकच वस्तू पुन्हा पुन्हा करतो तेव्हा मापं सरासरीच्या किती टक्के इकडेतिकडे होतात? एर्कन्स आणि बेटिंगर यांनी 2001 साली दाखवलं की साधारण 1.7 टक्के ही माणसाच्या नजरेची मर्यादा. त्याहून कमी फरक दिसला तर साचा किंवा माप वापरलं असणार. आणि 57.7 टक्क्यांच्या आसपास गेलात तर ते निव्वळ यादृच्छिक. म्हणजे कुठलाही नियम न पाळता केलेलं. दगडी टोकं या दोन टोकांच्या मध्ये पडतात. मी मोजताना बुडाची रुंदी आणि एकूण लांबी यांचे हे आकडे शेजारीशेजारी लिहितो. लांबीचा आकडा फुगलेला आणि बुडाचा आवळलेला असेल, तर ‘अनेक टोळ्या’ हा विचार मी तूर्त बाजूला ठेवतो. समोर धार लावून लावून झिजलेल्या विळ्यांचा ढीग आहे. दोन्ही फुगलेले असतील आणि बुडाच्या मापांच्या आलेखात दोन वेगळे उंचवटे दिसत असतील, तर मग खरं कुतूहल सुरू होतं: दोन काळ, दोन हत्यारं की दोन परंपरा.

‘टोळी’ या शब्दाला मी जरा घाबरतो, हे कबूल करतो. जॉन रिक यांनी 1980 साली मध्य पेरूतल्या हुनीनच्या पुनावरच्या पाचामाचाय गुहेवरून मांडलं होतं की तिथले विकुन्या-शिकारी फारसे भटकत नव्हते. विकुन्याचे कळप स्वतःच आपापली हद्द धरून राहतात, मग शिकाऱ्याने तरी कशाला हिंडावं? तसं असेल तर शेजारच्या दोन गुहांमध्ये टोकांच्या वेगवेगळ्या लकबी मुरणं शक्य आहे. पण लकब वेगळी म्हणजे भाषा वेगळी, वंश वेगळा, असं नव्हे. कातणवाले आणि मुरडवाले एकाच आळीत राहतात, आणि एकमेकांकडे फराळाला जातात.

तुमच्या मूळ प्रश्नाला सगळ्यात स्वच्छ पुरावा कुठून मिळेल तर कबरीतून. टिटिकाकाच्याच खोऱ्यात, पुनो भागात, 3,925 मीटरवर विलामाया पात्ख्शा नावाचं ठिकाण आहे. रँडल हास आणि त्यांच्या चमूने तिथे सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचं एक दफन शोधलं आणि 2020 साली प्रसिद्ध केलं. दातातल्या प्रथिनांवरून कळलं की ती 17 ते 19 वर्षांची मुलगी होती. तिच्या मांडीच्या वरच्या बाजूला 24 दगडी वस्तूंचा ढीग होता. त्यात फेकटोकं होती, कापायची पाती होती, कातडं साफ करायच्या खरवडण्या होत्या. बहुधा चामड्याच्या पिशवीत भरून ठेवलेल्या. पिशवी कुजली, सामान जसंच्या तसं राहिलं. जगभर बातमी झाली ती ‘शिकारी स्त्री’ म्हणून, आणि ती व्हायलाच हवी होती. माझ्यासारख्याला मात्र त्या ढिगाचं वेगळं अप्रूप आहे. एका माणसाची, एका वेळची पिशवी! तिच्यात जो काही फरक दिसेल त्याला काळ जबाबदार नाही आणि टोळीही नाही. खणातल्या तीन टोकांबद्दल हे कधीच म्हणता येत नाही.

जाता जाता एक. त्याच ठिकाणच्या आणि जवळच्या सोरो मिकाया पात्ख्शाच्या 24 माणसांच्या हाडांतली समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, त्यांच्या प्रमाणावरून आहार कळतो) तपासून 2024 साली आलेला निष्कर्ष असा, की त्यांच्या आहारात साधारण 80 टक्के वनस्पती होत्या, बहुधा कंदमुळं. मांस फक्त 20 टक्के. आपण ज्यांना ‘शिकारी’ म्हणतो ते रोज बटाट्याच्या जंगली भाऊबंदांवर जगत होते. टोकं दगडाची म्हणून उरली, आणि आपण सगळी गोष्ट टोकांभोवती रचली. त्या पिशवीतल्या खरवडण्यांचे फोटो कुणी मोठे करून छापत नाही.

आता तुमचा फोटो. मोठा करून पुन्हा पाहिला. डावीकडचं पान: बुडाच्या कडा वरच्या कडांपेक्षा गुळगुळीत दिसतात, उजेड त्यांच्यावरून घसरतोय. घासलेल्या असाव्यात, म्हणजे ते टोक बांधलेलं होतं आणि पुष्कळ लांबी शिल्लक असतानाच हरवलं किंवा बाजूला ठेवलं गेलं. मधलं शंकरपाळं: खालचा अर्धा भाग डाव्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवला तर जवळपास बसेल, मी कागदावर छापून कात्रीने कापून पाहिलं. वरच्या भागावरचे छिलके लहान, दाट आणि कडेला उभे आहेत, खालचे मोठे आणि सपाट. एकाच टोकावर दोन तऱ्हेचं काम, दोन वेळा. तेव्हा ही दोघं माझ्या मते एकाच प्रकाराची, फक्त मधलं म्हातारं.

तिसरं, देठवालं, वेगळं आहे. त्याचा देठ खांद्यापासून काटकोनात कापलाय. पान झिजून तसा देठ तयार होत नाही, तो पहिल्या दिवशीच ठरवावा लागतो. दांड्याची खाचही त्यासाठी वेगळी लागते. हा वेगळा काळ किंवा वेगळी शिकवण. शिवाय त्याच्या टोकापासून एक अरुंद लांब छिलका कडेने खाली गेलेला दिसतो, जणू कुणी टोकावर हलकेच छिन्नी ठेवून मारली असावी. असा छिलका बहुधा फेकलेलं टोक हाडावर आदळलं की जातो. पुन्हा कधी तिथे गेलात तर काचेच्या बाजूने वाकून त्याच्या पाठीचा एक फोटो काढा, आणि शक्य झालं तर तिन्हींची जाडी विचारून घ्या. संग्रहालयाच्या नोंदवहीत ती बहुधा असते, पाटीवर लिहायचा कंटाळा केलेला असतो.